सप्ताहाचा आठवा दिवस

वऱ्हाडातील माणसाला ‘सप्ताह’ हा शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही. गावच्या मारुतीच्या देवळात वीणा उभी राहते आणि सात दिवस, सात रात्री ती खाली ठेवली जात नाही. पहाऱ्याच्या पाळ्या घराघरांत वाटलेल्या असतात. कुणी पोतेभर गहू देतो, कुणी तुरीची डाळ देतो. ज्याच्या घरी देण्याजोगे काही नाही, तो पत्रावळी उचलायला उभा राहतो. सातव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, पंगत उठते आणि मंडप सुटतो. पण आठव्या दिवशी गाव पूर्वीचे राहिलेले नसते. दोन भावांचा अबोला त्या पंगतीत सुटलेला असतो, एखाद्या तरुणाच्या गळ्यात माळ पडलेली असते. सप्ताहाची खरी कसोटी आठव्या दिवशीच लागते, हे आपल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

हे सारे आठवण्याचे कारण शाळांमधला सप्ताह. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी जाहीर झाले. त्याच्या चौथ्या वर्धापनदिनानिमित्त केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२४ साली २२ ते २८ जुलै या काळात देशभरातील शाळांत ‘शिक्षण सप्ताह’ योजला. योगायोग असा की, त्याच्या आदल्याच दिवशी गुरुपौर्णिमा होती. सोमवारी अध्ययन-अध्यापन साहित्य, मंगळवारी पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, बुधवारी क्रीडा, गुरुवारी सांस्कृतिक कार्यक्रम, शुक्रवारी कौशल्ये व डिजिटल उपक्रम, शनिवारी पर्यावरण मंडळे व पोषण आणि रविवारी समाजाचा सहभाग व तिथिभोजन, अशी त्याची आखणी होती. हा क्रम नजरेखालून घातला, तर त्यात नाव ठेवण्याजोगे काही नाही. उलट, मुलाला हात आहेत, पाय आहेत, गळा आहे आणि त्याच्याभोवती एक गाव आहे, याची शासकीय परिपत्रकाने घेतलेली ही दखल स्वागतार्हच म्हटली पाहिजे.

प्रश्न आठव्या दिवसाचा आहे.

त्या दिवसांत अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील काही शाळांत प्रस्तुत लेखकाचे जाणे झाले. शाळांची नावे देण्याचे कारण नाही, कारण दोष त्या शाळांचा नाही. एका शहरी शाळेत साहित्य-दिनासाठी भिंतीवर तीस तक्ते टांगलेले होते. रंगीत, गुळगुळीत, सुबक. सातवीतल्या एका मुलाला विचारले, “यातला तू कोणता केलास?” त्याने प्रामाणिकपणे बाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानाकडे बोट दाखवले. दुसऱ्या ठिकाणी एक शिक्षक मोबाइल उंच धरून नेटवर्क शोधत होते. त्यांचा वर्ग ओसरीत बसलेला होता. मला पाहून ते ओशाळून म्हणाले, “फोटो वर गेले की आजचा दिवस झाला.” या एका वाक्यात त्या सप्ताहाचे सारे दुखणे सामावलेले आहे. मूल काय शिकले, हे विचारणारा रकाना नव्हता. छायाचित्र किती, हे विचारणारा मात्र होता. मग शिक्षक छायाचित्राकडे धावणार, त्यात नवल ते काय?

नाव बदलते, दैव बदलत नाही

हाताने काम करीत शिकण्याचा विचार काही २०२० साली जन्माला आलेला नाही. तो आपल्या शेजारीच, वर्धा नदीच्या पलीकडे, ऑक्टोबर १९३७ मध्ये मांडला गेला. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि उद्योगाच्या द्वारा शिक्षण देणारी ‘नई तालीम’ देशापुढे आली. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात याच विचाराला ‘कार्यानुभव’ हे नाव दिले. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटले. २०२० च्या धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवसांचा दप्तरविरहित काळ सांगितला. मुलांनी या काळात सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम करावे, असे त्या धोरणात स्पष्ट म्हटले आहे. जुलै २०२४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राने त्याच वर्षी पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला.

चार पिढ्यांत चार नावे झाली. दैव मात्र एकच राहिले. आमच्या शाळकरी वयात वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असे आणि त्या तासाला गणिताचे गुरुजी मागे पडलेला अभ्यासक्रम पुरा करीत. वर्षअखेरीस प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकात कार्यानुभवापुढे एक अक्षर उमटे. ते कशासाठी मिळाले, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसे आणि घेणाऱ्यालाही.

हे असे का होते? काम हे ‘खऱ्या’ अभ्यासाच्या बाहेरचे, फावल्या वेळचे, असे आपण गृहीत धरतो म्हणून. मेकॉलेने १८३५ साली जी मानसिकता पेरली, तिचे सर्वांत चिवट मूळ इंग्रजी भाषेत नाही, ते इथे आहे. जो लिहितो तो मोठा, जो घडवतो तो लहान, ही ती मानसिकता. इंग्रज गेला, पण शाळेच्या वेळापत्रकात तो अजून बसलेला आहे. कामाचा तास कोपऱ्यात ढकलायचा, त्याला शिक्षक द्यायचा नाही, साहित्य द्यायचे नाही, परीक्षेशी नाते जोडायचे नाही आणि मग ‘हे प्रयोग आपल्याकडे चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढायचा, हे सत्तर-पंचाहत्तर वर्षे चालले आहे.

कायदाही याला साहाय्यभूत ठरतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले. कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन शिक्षक मात्र शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेलाच सांगितले. दर्यापूर, बाळापूर, तेल्हारा या तालुक्यांतील लहान खेड्यांच्या शाळेत एवढा पट कोठून यायचा? म्हणजे ज्या मुलाच्या घरी नांगर, तिफण आणि वखर आहे, त्याच मुलाच्या शाळेत काम शिकवणारा गुरू असणार नाही, अशी ही व्यवस्था!

आधी खराटा, मग कीर्तन

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडाने फार पूर्वी दिलेले आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पण आज ज्याला शिक्षणशास्त्राची भाषा बोलणारे लोक कृतियुक्त शिक्षण म्हणतात, ते गाडगेबाबांनी अर्धशतक गावोगाव केले. बाबा गावात येत ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गावच्या गल्ल्या झाडत, गटारे उपशीत. लोक आधी पाहत, मग संकोचत, मग त्यातले दोघेचौघे हातात झाडू घेत. रात्री त्याच लोकांपुढे कीर्तन होई. त्या कीर्तनात बाबा उपदेशाचा पाऊस पाडीत नसत. ते प्रश्न विचारीत. लोक उत्तर देत आणि आपल्याच उत्तरात सापडत. दिवसा हाताला जे घडले, त्याचा अर्थ रात्री बुद्धीला कळे. घरातले ताट गेले तरी चालेल पण लेकराला शिकवा, असे सांगणारा हा निरक्षर संत २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर देह ठेवून गेला. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांचे नाव सांगते.

खराट्याविना कीर्तन आणि कीर्तनाविना खराटा, दोन्ही अपुरी. आपल्या शाळा पहिल्या प्रकारात मोडतात. त्यावर उपाय म्हणून आलेले उपक्रम पुष्कळदा दुसऱ्या प्रकारात जातात. मुलांनी एक दिवस झाडे लावली, एक दिवस माती मळली, घरी गेली. त्या मातीत वाळू किती होती, पाणी का धरून राहिले, हे कुणी विचारले नाही. हात राबला, डोके रिकामे राहिले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ‘जीवनशिक्षण’ हा स्वतंत्र अध्याय लिहिला, तो हाताची आणि डोक्याची ही फारकत मिटावी म्हणूनच.

आपल्या परंपरेत या प्रवासाच्या पायऱ्याही बांधलेल्या आहेत. श्रीहर्षाच्या नैषधीयचरितात विद्येच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: अध्ययन, बोध, आचरण आणि प्रचार. विद्या भारतीने आपल्या शाळांत अधीति, बोध, अभ्यास, प्रयोग आणि प्रसार अशी ‘पंचपदी’ रुजवली. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही ‘पंचादि’ या नावाने ती आली. भगवेकरणाची आवई उठवण्यात ज्यांची हयात गेली, ते यालाही तोच शिक्का मारतील. पण पाच पायऱ्यांना रंग नसतो. ऐकावे, समजावे, गिरवावे, करून पाहावे आणि दुसऱ्याला द्यावे, यात कोणाला कसला धोका दिसतो, ते त्यांनीच सांगावे.

पाच पायऱ्या आणि शाळेच्या आठवड्याचे सहा दिवस. सप्ताह कसा असावा, याचे उत्तर या गणितातच आहे. सात दिवसांना सात विषय देण्याऐवजी एका आठवड्याला एकच प्रश्न द्यावा आणि तो प्रश्न मुलाच्या पायाखालचा असावा.

एक क्विंटल कापसाचा आठवडा

उदाहरण म्हणून अकोला जिल्ह्यातील सातवीचा एक वर्ग डोळ्यांपुढे आणू. दिवाळीची सुटी संपलेली आहे, वेचणी जोरात आहे. प्रश्न एकच: ‘आपल्या शेतातून कापूस जातो, म्हणजे नेमके काय जाते?’

सोमवारी ऐकायचे. गावातील एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला वर्गात खुर्चीवर बसवायचे. तो पहिल्या वेचणीच्या सीतादहीबद्दल सांगेल, जिनिंगच्या भोंग्याबद्दल सांगेल, अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ धावणाऱ्या ‘शकुंतले’बद्दल सांगेल. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गावर आणून मुंबईमार्गे परदेशी नेण्यासाठी खासगी इंग्रज कंपनीने बांधलेली ही अरुंद रुळांची गाडी. तिला ओढणारे वाफेचे इंजिन मँचेस्टरचे होते आणि १९९४ पर्यंत ते राबले. आता ती गाडी बंद आहे, रूळ मात्र अजून आहेत. जो देश आमचा कापूस नेत होता, त्याच देशाने तो वाहायला इंजिन दिले आणि कापड करून आम्हालाच विकले. वसाहतवादाचा धडा याहून सोपा कोणत्या पुस्तकात सापडेल?

मंगळवारी समजून घ्यायचे. प्रत्येक गटाला शंभर ग्रॅम कापूस द्यावा. बोटांनी सरकी वेगळी करावी, रुई वेगळी करावी, दोन्ही तोलावीत. रुई साधारण तिसरा हिस्सा भरते, बाकी बहुतेक सरकी. सातवीच्या पुस्तकातील शेकडेवारी इथे बोटांना कळते. रुईची एक गाठ १७० किलोची. मग तिला कापूस किती लागेल? मुले भागाकार करतात आणि उत्तर पाच क्विंटलच्या आसपास येते. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात आठवीतील केवळ ४५.८ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. हा आकडा वाचून आपण हळहळतो. पण ज्याच्या बापाने काल कापूस विकला आहे, त्या मुलाला हा भागाकार परका वाटणार नाही. कारण यातले उत्तर त्याच्या घराचे आहे.

बुधवारी अभ्यास: तोच हिशेब वेगवेगळ्या आकड्यांनी, तोच अनुभव मराठीत निबंधाच्या रूपाने, त्याच विषयाचे दहा शब्द हिंदी-इंग्रजीत. गुरुवारी प्रयोग: टकळीवर सूत काढून पाहायचे. शेकडा नव्वद मुलांचा धागा तुटेल. तुटू द्यावा. आजीने रात्रभर काय केले असेल, हे त्या तुटलेल्या धाग्यातून कळते. शुक्रवारी जिनिंगमध्ये जाऊन मालकाला, मजुराला आणि काटा करणाऱ्याला प्रश्न विचारायचे. शनिवारी प्रसार: मुलांनी मांडलेला हिशेब मोठ्या अक्षरांत चावडीवर लावायचा आणि गावाला वाचून दाखवायचा. आपल्या मुलाने आपल्या पिकाचा हिशेब आपल्याला समजावून सांगितला, हे ज्या बापाने एकदा पाहिले, तो त्या मुलाला आठवीनंतर सहजासहजी शाळेतून काढणार नाही. आठवा दिवस म्हणतात तो हा.

आणि इथे जीव गुंतलेला आहे, हे विसरू नये. सहावी ते आठवी हे वय काठावरचे असते. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते, पुढची शाळा दूर असते. घरी वेचणीला हात हवे असतात. मेळघाटातून रोजगारासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात. मुलीचे तर विचारायलाच नको. ज्याला शाळेत आपल्या जगण्याचे काही दिसले नाही, ते मूल या काठावरून हलकेच खाली घसरते आणि हजेरीपटावर एक नाव खोडले जाते. ते मूल कुणाला मूर्ख म्हणून सोडून गेलेले नसते. शाळेने त्याच्याकडे जे होते ते कधी मागितलेच नाही, म्हणून ते जाते.

मातीमातीचा प्रश्न वेगळा

परिपत्रक मुंबईहून निघो वा दिल्लीहून, ते कोकणातल्या आणि वऱ्हाडातल्या मुलाला एकाच दिवशी एकच कृती सांगते. पण पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यातील मुलाचा प्रश्न कापसापेक्षाही पाण्याचा आहे. तिथे एक आठवडा पाण्याला द्यावा. चार विहिरींचे पाणी आणावे, साबणाला फेस येतो का ते पाहावे. समान मापाने चार ताटल्यांत ते उन्हात ठेवावे. पाणी आटल्यावर ताटलीत उरलेला पांढरा थर मुलाने बोटाने पुसला की, खारपाण म्हणजे काय हे त्याला जन्मभर विसरता येत नाही. वरुड-मोर्शीच्या संत्राबागांतील मुलाचा प्रश्न पुन्हा निराळा: तिथे पाणी गोडे आहे, पण उपसा इतका की भूजल खोल खोल चालले आहे. एकाच अमरावती विभागातील या दोन शाळांनी आपापल्या वह्या एकमेकींना पाठवाव्यात. भूगोल म्हणतात तो याहून वेगळा असतो काय?

मेळघाटातील कोरकू मुलाकडे तर शिकवणाऱ्यापेक्षा अधिक ज्ञान असते. त्याच्या आजीला जंगलातील झाडांची नावे कोरकूत ठाऊक असतात. ती नावे फळ्यावर एका बाजूला कोरकूत, दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिली, तर त्या दिवशी त्या वर्गात पहिल्यांदा मास्तर विद्यार्थी होतील. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले, त्यामागे हीच दृष्टी होती: वनवासी बांधवाच्या हातात जे आहे, त्याला प्रतिष्ठा द्यावी, त्याच्यापुढे हात पसरायला शिकवू नये. सुनीलजी २०२१ च्या महामारीत गेले. त्यांच्या कामाने दाखवलेली वाट आपल्यापुढे आहे.

अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. क्रीडादिनी त्या शहरातील मुलांना हे सांगावे आणि मल्लखांबावर चढवावे. रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. तेथे म्हाइंभटांनी मराठी गद्याचा आद्य ग्रंथ सिद्ध केला. आज तिथे मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अमरावतीच्या मुलाने तो दर्जा वर्तमानपत्रात वाचावा आणि रिद्धपूर कधी पाहू नये, ही आपली उपेक्षा झाली. म्हाइंभटांनी तरी काय केले? स्वामींच्या आठवणी ज्याच्याकडे असतील त्याच्याकडे ते गेले, विचारले, लिहून घेतले. सहावीच्या मुलाला करता येण्याजोगा याहून उत्तम उपक्रम कोणता?

एक आक्षेप, ज्यात तथ्य आहे

या साऱ्या विचारावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. शाळेत हस्तोद्योग आणणे म्हणजे कुंभाराच्या मुलाला पुन्हा चाकाशी आणि चांभाराच्या मुलाला आरीशी बांधणे होय, असे टीकाकार म्हणतात. मद्रास प्रांतात १९५३ साली राजाजींनी मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि अर्धा वेळ घरच्या व्यवसायात घालवावा, अशी योजना आणली. तिच्यावर वडिलोपार्जित जातिव्यवसायाचा ठपका आला, मोठे आंदोलन झाले आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. हा इतिहास आपण ध्यानात ठेवला पाहिजे. गरिबाच्या मुलाने करवत धरायची आणि श्रीमंताच्या मुलाने संगणक, असे झाले, तर तो आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल.

म्हणूनच उपाय उलट दिशेचा हवा. प्रत्येक मुलाने प्रत्येकाचा उद्योग शिकला पाहिजे. वकिलाच्या मुलीने चाकावर माती चढवावी, भूमिहीन मजुराच्या मुलाने दुर्बिणीतून आकाश पाहावे. आणि गावातल्या चर्मकाराला शाळेत बोलवायचे ते पायताण दुरुस्त करायला नव्हे, गुरू म्हणून. त्याला खुर्ची द्यावी, शाल-श्रीफळ द्यावे, दिवसाचा मेहनताना द्यावा आणि साऱ्या वर्गाने त्याच्या पाया पडावे. समरसतेवरील शंभर भाषणांनी जे होत नाही, ते त्या एका नमस्काराने होईल. संघशताब्दीच्या निमित्ताने आपण पंच परिवर्तनाचा संकल्प उच्चारला. समरसता, पर्यावरण, कुटुंब प्रबोधन, स्व-बोध आणि नागरिक कर्तव्य ही पाचही सूत्रे अशा एका आठवड्यात एकत्र येतात. ती भाषणात आणावी लागत नाहीत.

इथे आपल्याच घराकडे बोट दाखवणे भाग आहे. अमरावतीतील एका परिचित स्वयंसेवकाने मोठ्या तक्रारीच्या सुरात मला सांगितले, “शाळेत पोराला रंधा मारायला लावला. मला काय त्याला मिस्त्री करायचा आहे?” हा गृहस्थ वर्षानुवर्षे ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावर बौद्धिक देत आला आहे. आपल्या कॉलन्यांतून स्वावलंबनाची पुस्तके कपाटात आहेत आणि घरातला नळ गळू लागला की आपण फोन हातात घेतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या शिकवणीला पाचवीपासून मुले जुंपणारे, शनिवारचा उपक्रम ‘वेळ वाया’ म्हणून शाळेला पत्र लिहिणारे पालक कोण आहेत? ते दुसरे कुणी नाहीत, आपणच आहोत. शासनाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु पालकांनी मागितले नाही, ते शाळेने दिल्याचे उदाहरण विरळाच.

आठव्या दिवसासाठी

डॉक्टर हेडगेवारांना ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल नागपूरच्या शाळेतून काढले, तेव्हा त्यांना आश्रय दिला तो वऱ्हाडाने, यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेने. सरकारी मान्यता नसलेली, समाजाच्या पैशावर चाललेली ती शाळा इंग्रजांनी टिकू दिली नाही. पण तिच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याने पुढे काय उभे केले, हे जग पाहत आहे. समाजाने शाळेला आपली म्हणणे म्हणजे काय, याचा पाठ वऱ्हाडात गिरवलेला आहे. तो पुन्हा गिरवण्याची ही वेळ आहे.

शासनाकडे मागणे एवढेच की, दहा दिवसांची तारीख त्या त्या तालुक्याला ठरवू द्यावी. वेचणीचा आठवडा वेचणीच्या दिवसांत आणि संत्र्याचा आठवडा संत्र्याच्या बहरात व्हावा. छायाचित्राऐवजी मुलाची वही मागावी. पट कमी असलेल्या चार शाळांसाठी मिळून एक कार्यशिक्षक द्यावा. आणि बोलावलेल्या कारागिराचा मेहनताना शिक्षकाच्या खिशातून जाऊ नये, एवढी तरतूद ठेवावी.

शासनाने हे उद्या केले नाही, तरी कार्यकर्त्यांच्या हाती बरेच आहे. प्रत्येक वस्तीने आपल्या परिसरातील सुतार, लोहार, बुरूड, कुंभार, माळी, जाणता शेतकरी, वैदू, भजनी मंडळाचा पखवाजी, निवृत्त अभियंता यांची एक यादी करून जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी आणि ‘सांगाल त्या दिवशी आणून पोहोचवतो’ एवढे वचन द्यावे. शिक्षकाला उपदेश करायला जाऊ नये. तो आधीच उपदेशांनी आणि माहितीच्या तक्त्यांनी बेजार आहे. त्याच्याबरोबर एक दिवस ओसरीत बसावे, मुले मोजावीत, पाणी आणून द्यावे. खराटा आधी आपल्या हातात दिसावा, कीर्तन नंतर.

हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवली जात नाही, कारण एकाचे खांदे दुखले की पुढच्या पाळीचा माणूस आधीच उभा असतो. शाळेतील शिक्षकाच्या खांद्यावरची वीणा जड झाली आहे. आता पाळी आपली आहे.